प्राण्यांची चित्रे : पाहणे, ताडणे व रेखाटणे

(प्राथमिक शाळांतील चित्रकला व परिसर अभ्यास या विषयांच्या शिक्षकांसाठी)

प्रास्ताविक

पोळ्याची सुटी संपून शाळा भरली, त्या दिवशी वालूर येथील चौथीच्या एका वर्गात मुलांना बैलाचे चित्र काढावयास सांगण्यात आले. सेलू तालुक्यातील हे गाव शेतीवर जगणारे. वर्गातील बहुतेक मुलांच्या घरी, निदान शेजारी तरी, बैल होते. फळ्यावर नमुन्यादाखल एक बैल काढलेला होता. अर्ध्या तासाने वह्या गोळा झाल्या, तेव्हा जवळजवळ प्रत्येक वहीत फळ्यावरचाच बैल उतरलेला दिसला. तोच पाठीचा बाक, तीच चंद्रकोरीसारखी शिंगे, तेच एका ओळीत उभे केलेले चार पाय.

एका मुलीचा बैल मात्र निराळा होता. त्याचे एक शिंग वर गेलेले आणि दुसरे गालाकडे वळलेले होते. शिक्षक थबकले. त्यांनी तिला जवळ बोलावून विचारले, "बाळ, हे शिंग असे खाली का काढलेस?" ती म्हणाली, "गुरुजी, आमच्या सर्ज्याचं शिंग तसंच आहे. खांदेमळणीच्या दिवशी मी जवळून बघितलं."

मग शिक्षकांनी साऱ्या वर्गाला काही प्रश्न विचारले. बैलाचा कान शिंगाच्या वर असतो की खाली? खूर एकसंध असतो की दुभंगलेला? बसलेला बैल उठताना आधी पुढचा भाग उचलतो की मागचा? ज्या जनावरांच्या घुंगरांच्या आवाजाने मुलांची सकाळ होते, त्यांच्याविषयीचे हे प्रश्न. पण अर्धा वर्ग निरुत्तर झाला. त्या सायंकाळी मुले गोठ्यात जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीची चित्रे रेषेने अधिक वाकडी होती. परंतु कान शिंगाच्या खाली आले होते, खूर दुभंगले होते, आणि कोणतेही दोन बैल एकसारखे नव्हते.

प्राण्यांचे चित्र ही प्रथम पाहण्याची विद्या आहे व नंतर हाताची, ही गोष्ट या साध्या प्रसंगातून स्पष्ट होते. प्राणी रेखाटणाऱ्या थोर कलावंतांविषयी मुलांच्या मनात आदर उत्पन्न करावयाचा असेल, तर त्यांची नावे पाठ करून घेणे पुरेसे नाही. त्या कलावंतांनी काय पाहिले, जे पाहता आले नाही ते कशाच्या आधारे ताडले, आणि त्यांच्या चित्रामुळे कोणती गोष्ट नष्ट होण्यापासून वाचली, हे मुलांस समजले पाहिजे.

पाहून घडविलेले प्राणी

वालूरच्या मुलांस दगडातील कारागिरी अपरिचित नाही. चक्राकार पायऱ्यांनी खाली उतरत जाणारी प्राचीन बारव त्यांच्या गावातच आहे. तेथून प्राचीन कारागिरांच्या पशुशिल्पांकडे मुलांचे लक्ष सहज नेता येईल.

वालूरच्या शिवारात पडणारे पावसाचे पाणी अखेर गोदावरीस मिळते. गोदावरीचीच एक उपनदी प्रवरा. तिच्या काठी, अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे, १९७४ साली एका रहिवाशास झाडाचे खोड खणून काढीत असता ताम्रवर्णी धातूच्या चार जड वस्तू सापडल्या. चौहोंचे मिळून वजन ६० किलोहून अधिक भरले. एक होता दोन बैल जुंपलेला रथ व त्यात उभा असलेला सारथी. उरलेल्या तीन वस्तू म्हणजे एक हत्ती, एक रेडा आणि एक गेंडा. अनेक पुरातत्त्वज्ञांच्या मते या वस्तू साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीच्या आहेत.

पोळ्याला मातीचे बैल करणाऱ्या मुलांना या रथाच्या बैलांचे मोठे नवल वाटेल. परंतु शिक्षकाने त्यांचे लक्ष विशेषतः गेंड्याकडे वेधावे. हा गेंडा सुमारे २५ सेंटिमीटर लांबीचा, म्हणजे मुलाच्या वीतभर हातापेक्षा थोडा मोठा आहे. आज प्रवरेच्या काठी गेंडा नाही. साऱ्या महाराष्ट्राच्या रानांत नाही. तथापि गेंड्याच्या अंगावरील कातडीच्या जाड घड्या व नाकावरचे शिंग ओतकामात उतरविणाऱ्या कारागिराला हा प्राणी ठाऊक होता, यात संशय नाही.

असेच दुसरे उदाहरण अजिंठ्याचे. तेथील पहिल्या लेण्यातील एका स्तंभशीर्षावर चार हरणे कोरलेली आहेत. पण त्या चौघांत मिळून डोके एकच आहे. ज्या हरणाच्या धडाकडे पाहावे, त्याचेच ते डोके असल्याचा भास होतो. एक हरीण बसलेले, एक मान वळविलेले, अशा निरनिराळ्या अवस्थांतील शरीरे एकाच मस्तकाशी बेमालूम जुळविणे हा केवळ चमत्कार नव्हे. हरणाची मान कोठे व किती वळते याचे पक्के ज्ञान असल्यावाचून ते साधत नाही. सतराव्या लेण्यात षड्दंत जातकाच्या कथेतील हत्ती रंगविलेले आहेत. हत्ती सोंड कशी उचलतो व कळपात कसा वावरतो, हे ज्याने पुष्कळ वेळ पाहिले असेल त्यालाच तसे हत्ती रंगविता येतील.

नाहीशा झालेल्यांचे साक्षीदार

प्राणी निघून जातो, चित्र मागे राहते. ही गोष्ट कोकणात फार ठळकपणे दिसते. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील जांभ्या दगडाच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी मोठमोठ्या आकृती कोरून ठेवल्या आहेत. त्यांस कातळशिल्पे म्हणतात. गावकऱ्यांना त्यांपैकी काही पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. परंतु गेल्या काही दशकांत स्थानिक अभ्यासकांनी गावोगाव पायी हिंडून ती शेकड्यांनी नोंदविली. २०२२ साली कोकणातील व गोव्यातील मिळून नऊ ठिकाणांचा समावेश जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. राजापूर तालुक्यातील कशेळी येथील हत्ती सुमारे १८ मीटर लांब व १३ मीटर रुंद आहे, आणि त्याच्या अंगातच इतर अनेक लहान प्राणी कोरलेले आहेत. या कातळशिल्पांत गेंडाही आढळतो. आज कोकणात गेंडा नसला, तरी तो एके काळी तेथील माणसास माहीत होता, ही साक्ष जांभ्या दगडाने जपून ठेवली आहे.

चित्राची अशीच साक्ष मोगल दरबारातील उस्ताद मन्सूर या चित्रकाराने मागे ठेवली. बादशहा जहांगीर यास नवनवीन पशुपक्ष्यांचे मोठे कुतूहल होते. १६१२ साली त्याच्या एका सरदाराने गोव्याच्या बंदरातून काही अपूर्व प्राणी आणले. त्यांत टर्की नावाचा, मुळात अमेरिकेतील, एक पक्षी होता. बादशहाने त्याचे वर्णन तर लिहून ठेवलेच, शिवाय चित्रही काढविले. कारण केवळ वर्णन ऐकून जे नवल वाटते, ते प्रत्यक्ष रूप पाहून अधिक वाढते, असे त्याचे मत होते. मन्सूरने काढलेल्या टर्कीच्या चित्रात गळ्याखालची लोंबती कातडी व पिसांवरील एकेक पट्टा स्पष्ट दिसतो.

त्याच्याच नावाशी जोडले गेलेले आणखी एक चित्र रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे आहे. त्यात मध्यभागी डोडो हा पक्षी उभा आहे. हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावरचा हा न उडणारा, जाड चोचीचा पक्षी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पृथ्वीवरून कायमचा नाहीसा झाला. खलाशांनी व त्यांनी बेटावर आणलेल्या डुकरांनी, उंदरांनी व माकडांनी त्याचा अंत घडवून आणला. आज डोडोचा रंग कसा होता हे ठरविताना प्राणिशास्त्रज्ञांना या चित्राचा आधार घ्यावा लागतो. चित्र काढणाऱ्याने तेव्हा थोडी हयगय केली असती, तर ती चूक आज कोणासही दुरुस्त करता आली नसती. कारण ताडून पाहावयास तो पक्षीच उरलेला नाही.

चित्रे मात्र स्वतःही नष्ट होतात, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. अजिंठ्याची भित्तिचित्रे झिजत आहेत हे ओळखून रॉबर्ट गिल या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ पासून वर्षानुवर्षे तेथे राहून त्यांच्या मोठ्या आकाराच्या नकला केल्या. त्या लंडनजवळ क्रिस्टल पॅलेस या काचेच्या इमारतीत मांडण्यात आल्या आणि १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक जळून गेल्या. तरी काम थांबले नाही. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या नव्याने प्रतिकृती केल्या. त्यांतीलही कित्येक पुढे लंडनमध्ये आगीत गेल्या. तथापि ग्रिफिथ्स यांनी छापलेल्या ग्रंथामुळे त्या श्रमाचे फळ टिकून राहिले. येथे शिक्षकाने एक भेद लक्षात घ्यावा. फळ्यावरील बैल न पाहताच उतरविणे ही नक्कल. आणि झिजत चाललेली रेषा न् रेषा निरखून उतरविणे हा अभ्यास.

न पाहिलेल्या प्राण्याचे चित्र

आता याहून कठीण प्रश्न येतो. जो प्राणी कोणत्याही माणसाने कधीच पाहिला नाही, त्याचे चित्र कसे काढावे?

ज्या क्रिस्टल पॅलेसमध्ये गिल यांच्या प्रतिकृती जळाल्या, त्याच्याच बागेत १८५४ साली वॉटरहाउस हॉकिन्स या शिल्पकाराने पुराणकालीन महाकाय सरपटणाऱ्या प्राण्यांचे पूर्णाकृती पुतळे उभारले होते. ते आजही तेथे आहेत. त्यांत इग्वानोडॉन नावाचा एक प्राणी आहे. त्या वेळी त्याचे दात व थोडी हाडे तेवढीच सापडलेली होती. त्यांत एक टोकदार हाड होते. ते शिंग असावे असे समजून शिल्पकाराने ते प्राण्याच्या नाकावर बसविले. पुढे १८७८ साली बेल्जियममधील एका कोळशाच्या खाणीत त्याच प्राण्याचे अनेक संपूर्ण सांगाडे मिळाले, आणि ते टोकदार हाड नाकावरचे नसून हाताच्या अंगठ्याचे आहे असे सिद्ध झाले. हॉकिन्सची चूक झाली, म्हणून त्याचे काम हिणकस ठरत नाही. उपलब्ध पुरावा जेवढे सांगत होता तेवढ्यावर त्याने अंदाज केला, आणि नवा पुरावा येताच तो अंदाज बदलला. ज्ञान याच रीतीने पुढे जाते.

अमेरिकेतील चार्ल्स नाइट (१८७४–१९५३) हा या क्षेत्रातील अत्यंत नावाजलेला चित्रकार. त्याची दृष्टी जन्मतः अधू होती. त्यात बालपणी एका डोळ्यास दगड लागून इजा झाली. अशा स्थितीत त्याने प्राणिसंग्रहालयात जाऊन जिवंत प्राण्यांची असंख्य रेखाटने केली. प्रथम सांगाडा, त्यावर स्नायू, त्यावर कातडी, असा क्रम त्याने पाळला. वस्तुसंग्रहालयांच्या भिंतींवरील त्याची चित्रे पाहून कित्येक पिढ्यांनी डायनोसॉर ओळखले. आज त्याच्या चित्रांतीलही काही गोष्टी बदलाव्या लागल्या आहेत. त्याचे डायनोसॉर शेपटी जमिनीवर ओढीत चालताना दिसतात. परंतु खडकांत उमटलेल्या त्यांच्या पाऊलवाटांत शेपटी घासल्याच्या खुणा क्वचितच आढळतात. म्हणून आजचा चित्रकार शेपटी जमिनीपासून उचललेली दाखवितो.

अशी एक दुरुस्ती महाराष्ट्राच्या मातीतूनही झाली आहे. मराठवाड्यातील काळी जमीन ज्या काळ्या खडकापासून झाली, तो खडक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहत आलेल्या तप्त लाव्हाच्या थरांचा आहे. त्या लाव्हाच्या तळाशी असलेले जुने थर चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा तालुक्यात, पिसदुरा येथे, उघडे पडले आहेत. तेथे लांब मानेच्या प्रचंड डायनोसॉरांची हाडे मिळतात, आणि दगड होऊन गेलेली त्यांची विष्ठाही मिळते. भारतीय व परदेशी शास्त्रज्ञांनी ही विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून २००५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीत गवताच्या पानांत तयार होणारे गारगोटीसारखे कठीण सूक्ष्म कण सापडले. ज्वारीचे पान हाताला कापते, ते अशाच कणांमुळे. ते कण एकाच नव्हे, तर गवताच्या अनेक प्रकारांचे होते, आणि त्यांत भाताच्या कुळाशी नाते सांगणारेही होते.

तोपर्यंत विद्वानांची समजूत अशी होती की, डायनोसॉरांच्या काळी गवत जवळजवळ नव्हतेच. म्हणून त्यांचे चित्र काढणारा काळजीपूर्वक काम करणारा कलावंत त्यांच्या पायाखाली नेचे, शेवाळ, सूचिपर्णी झाडे दाखवी. गवत मात्र कटाक्षाने टाळी. पिसदुऱ्याच्या त्या दगडी शेणाने चित्रातील भुई बदलली. ज्या मुलांनी शेणाच्या गोवऱ्या पाहिल्या आहेत, त्यांस हा शोध कळावयास अवघड जाणार नाही. जनावराच्या शेणावरून त्याने काय खाल्ले हे ओळखणे, ही तर शेतकऱ्याची नित्याची विद्या आहे.

वर्गातील पाठाची मांडणी

*उद्दिष्टे :* (१) परिचित प्राण्याचे बारकाईने निरीक्षण करून रेखाटन करणे. (२) पाहिलेली गोष्ट व ताडलेली गोष्ट यांतील भेद ओळखणे. (३) परिसरातील वन्य प्राण्यांविषयी जिव्हाळा उत्पन्न करणे.

*साहित्य :* वही, शिसपेन्सिल, सुतळी, चुना, ओली माती.

*पूर्वज्ञान :* मुलांस बैल, शेळी, कुत्रा, मांजर, चिमणी, टिटवी हे प्राणी व पक्षी माहीत असतात. त्यांविषयी वर सांगितल्यासारखे प्रश्न विचारावेत. ज्या प्रश्नास उत्तर येणार नाही, त्याचे उत्तर शिक्षकाने देऊ नये. मुलास पाहून येण्यास सांगावे.

*पहिला भाग, पाहणे :* फळ्यावर नमुना काढू नये. मुलांनी जनावरापासून सुरक्षित अंतरावर बसून एकाच अवयवाचे चित्र काढावे. एके दिवशी कान, दुसऱ्या दिवशी पाय, तिसऱ्या दिवशी बसण्याची रीत. बैल, गाय ही जनावरे उठताना मागचा भाग आधी उचलतात, घोडा पुढचा भाग आधी उचलतो. हा फरक मुलांनी स्वतः शोधून काढावा.

*दुसरा भाग, ताडणे :* पावसाळ्यात ओढ्याच्या काठी ओल्या मातीत पावलांचे ठसे उमटतात. ते मोजून वहीत काढून घ्यावेत. कुत्र्याच्या ठशात नखांच्या खुणा दिसतात, मांजराच्या ठशात बहुधा दिसत नाहीत, कारण मांजर चालताना नखे आत ओढून घेते. ठशावरून प्राणी ओळखून त्याचे चित्र काढावे. जे डोळ्यांनी पाहिले ते अखंड रेषेने व जे ताडले ते तुटक रेषेने दाखवावे. ही एक सवय लागली, तरी या पाठाचे अर्धे काम झाले असे समजण्यास हरकत नाही.

*तिसरा भाग, आकारमान :* शाळेच्या पटांगणात सुतळीने १८ मीटर लांब व १३ मीटर रुंद असा चौकोन आखून त्यात मुलांकडून चुन्याने हत्तीची आकृती काढवून घ्यावी. चित्रात उभे राहिले असता ते दिसत नाही, हे मुलांना लगेच कळेल. मग कशेळीच्या सड्यावर त्या प्राचीन माणसांनी एवढी आकृती न चुकता कशी कोरली असेल, हा प्रश्न त्यांच्याच मनात उभा राहील. खरा आदर अशा प्रश्नातून जन्मास येतो.

*दक्षता :* पक्ष्यांच्या घरट्यांस हात लावू नये. साप, विंचू यांच्या जवळ जाऊ नये. काळवीट दिसल्यास दुरूनच पाहावे. त्याचा पाठलाग करणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

समारोप

या पाठाचा हेतू प्रत्येक मूल चित्रकार व्हावे असा नाही. चित्ता हा प्राणी एके काळी दख्खनच्या माळावर काळविटांच्या मागे धावत असे. १९४७ नंतर त्याच्या अस्तित्वाची खात्रीलायक नोंद जवळजवळ उरली नाही, आणि १९५२ साली तो भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. २०२२ साली मध्य प्रदेशातील कुनो येथे चित्ते आणावे लागले, ते आफ्रिकेतून. माळढोक पक्षी महाराष्ट्राच्या माळरानावरून जवळजवळ नाहीसा झाला आहे. आजच्या चौथीतील मुलाच्या आजोबांनी जे पाहिले, ते त्या मुलाच्या वाट्यास केवळ चित्रातून येते. उद्या कोणते प्राणी केवळ चित्रात उरतील, हे आजची मुले काय पाहतात व कशाची काळजी घेतात यावर पुष्कळसे अवलंबून आहे.

म्हणून मुलाचे चित्र तपासताना शिक्षकाने प्रथम 'हे सुबक आहे काय?' असे विचारू नये. 'हे तू कोठे पाहिलेस?' असे विचारावे. वाकड्या शिंगाच्या सर्ज्याला वहीत जागा मिळाली, ती या प्रश्नामुळे. असाच प्रश्न दायमाबादच्या कारागिराला, मन्सूरला व नाइटला विचारला असता, तर त्यांपैकी प्रत्येकाजवळ त्याचे प्रामाणिक उत्तर होते.

स्वाध्याय

१. दायमाबाद येथे सापडलेल्या गेंड्याच्या मूर्तीवरून कोणत्या गोष्टीचा बोध होतो?

२. इग्वानोडॉनचे टोकदार हाड प्रथम कोठे बसविले गेले व ती चूक कशामुळे उघडकीस आली?

३. पिसदुरा येथील शोधामुळे डायनोसॉरांच्या चित्रांत कोणता बदल झाला?

४. आपल्या घरच्या अथवा शेजारच्या एका जनावरास सात दिवस रोज पाहावे, आणि इतर कोणत्याही जनावरात नाही अशी त्याची एक खूण चित्रात दाखवावी.

५. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून, पूर्वी गावाच्या शिवारात दिसत असे पण आता दिसत नाही अशा एका प्राण्याचे वर्णन लिहून घ्यावे व त्यावरून तुटक रेषेने चित्र काढावे.